तीनशे बारा

नेरूळला, हायवेकडे पाठ करून उभ्या आमच्या हॉटेलात
चौऱ्याऐंशी खोल्या, आणि एक मी:
बिनखिडकीच्या केबिनमध्ये बसून
खिडकीचे जादा पैसे ठरवणारा.

माझा माल नासका.
मासळीवालीला बर्फ तरी असतो,
रात्रीची खोली रात्रीच खपवावी लागते,
सकाळी ती नुसती झाडून घ्यायची.

शनिवारी स्टेडियमवर कोणा मोठ्या गायकाचा कार्यक्रम.
मंगळवारी दर साडेचार हजार,
बुधवारी सात,
गुरुवारी डबा उघडला तेव्हा अकरा,
डबा धुऊन आलो तर साडेतेरा.
खोटं कशाला बोलू, मजा येत होती.
पतंगाला ढील द्यावी तसा आकडा वर सोडत होतो
आणि कोणीतरी घेतच होतं.

तेवढ्यात रिसेप्शनवरून प्रणोतीचा फोन.
तीनशे बारा, यावलचे तडवी,
उद्या जाणार होते, मुक्काम वाढवून मागतायत.
बाईंचे रिपोर्ट सोमवारी येणार म्हणे.

सोमवारी माझेही रिपोर्ट असतात.

घरत मॅडम लॉन्ड्रीत चादरी मोजत होत्या.
(आमच्या पार्किंगखाली कुठेतरी त्यांच्या आजोबांचं मिठागर आहे.
त्याचा भाव एकदाच ठरला होता,
मग पुन्हा कधी वर गेला नाही.
हे त्या सांगत नाहीत,
ड्रायव्हर सांगतो.)
"जुनाच दर लाव," म्हणाल्या, "तिन्ही रात्री."
"वरून विचारतील."
"विचारू दे. ही चादर बघ, कोपरा फाटलाय."

तरी मी हुशारी केलीच.
कारणाच्या रकान्यात टाकलं:
खोली बंद, नळ गळतो.
तडव्यांचं बिल वेगळं, हाताने लिहिलेलं.

उरलेल्या खोल्या चढ्या भावाने भरल्या,
शेवटची एकोणीस हजारांना,
पुण्याहून आलेल्या चार पोरांना.
त्यांनी हसत हसत कार्ड पुढे केलं.
त्याच पैशांतून लॉन्ड्रीवाल्यांचा
दोन महिने थकलेला ओव्हरटाइम निघाला.
हेही लिहून ठेवतो,
नाहीतर हिशेब एकाच बाजूला कलतो.

सोमवारी गुरुग्रामचा व्हिडिओ कॉल,
चौकटीत सहा चेहरे.
शनिवारसारख्या शनिवारी एक खोली बंद कशी?
मी नळ म्हणायला तोंड उघडलं.
मॅडमनी माइक सुरू केला.
"नळबिळ काही नाही. खोली भरलेली होती, जुन्या दराने.
निर्णय माझा. फरक माझ्या इन्सेंटिव्हमधून कापा."
सहाही चेहरे थोडा वेळ हलले नाहीत,
नेटवर्क गेलं असेल.
मग पुढची स्लाइड आली.

कॉल संपल्यावर मला म्हणाल्या,
"दर चढवताना कुठे लपवतोस?
मग उतरवताना का लपवलास?"

मी चहा सांगायला म्हणून उठलो.

खाली तडवी बिल भरत होते,
नोटा दोनदा मोजून.
बाई सोफ्यावर, मांडीवर हॉस्पिटलची पिवळी पिशवी,
तिच्यावर दोन्ही हात.
काय निघालं, कोणी विचारलं नाही.
प्रणोतीने पाण्याची बाटली भरून दिली.

दारापर्यंत जाऊन तडवी परत आले.
"सगळं चांगलं होतं तुमच्याकडे," म्हणाले,
"फक्त न्हाणीतला नळ तेवढा गळतोय.
रात्रभर बादली लावून ठेवायचो.
म्हटलं, एवढ्या गर्दीत तुम्हाला कुठे त्रास द्यायचा."

प्लंबर उद्या येतोय.
आज तीनशे बारा खरोखर बंद.
रकान्यात पुन्हा तेच लिहिलं,
नळ गळतो,
आणि या वेळी खाली माझं नाव.